काचतंतु-प्रबलित गज : आकारमानाची निवड

काँक्रीटमधील ताण पेलण्यासाठी पोलादी सळईऐवजी वापरण्यात येणारा, अखंड काचतंतू रेझिनात बसवून तयार केलेला संमिश्र गज. बांधकामाच्या व्यवहारात त्यास फायबर सळई किंवा जीएफआरपी बार असेही म्हणतात. हा गज गंजत नाही, पोलादाच्या सु. एक-चतुर्थांश वजनाचा असतो आणि ताणून तोडण्यास त्याच जाडीच्या पोलादी सळईपेक्षा पुष्कळदा अधिक भार लागतो. या तिसऱ्या गुणामुळे पोलादाऐवजी बारीक गज चालेल, असा समज सहज होतो. तथापि काँक्रीटच्या बहुतेक घटकांत गजाचे आकारमान तो किती भाराला तुटतो यावरून ठरत नसून, तो नेहमीच्या भाराखाली किती ताणला जातो यावरून ठरते. या कसोटीवर काचतंतु-प्रबलित गज पोलादाच्या पुष्कळ मागे असल्याने तो बहुधा पोलादी सळईइतकाच किंवा तिच्याहून जाड, अथवा अधिक जवळजवळ घालावा लागतो.

घटक व उत्पादन : गजाच्या वजनाचा सु. तीन-चतुर्थांश भाग काचतंतूंचा असतो. हे तंतू वितळलेली काच बारीक छिद्रांतून वेगाने ओढून तयार करतात व त्यांचा व्यास काही सहस्रांश मिमी. एवढाच असतो. तंतूंचे जुडगे रेझिनाच्या हौदातून ओढून नंतर तापविलेल्या साच्यातून नेले असता रेझीन कठीण होऊन सलग गज मिळतो. काँक्रीटशी बंध चांगला व्हावा म्हणून गजावर तंतूचा सर्पिल वेढा देतात, वाळूचा थर चिकटवितात किंवा पृष्ठभागी खाचा पाडतात. भार मुख्यतः तंतू पेलतात. रेझीन तंतूंना एकत्र धरून ठेवते, भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोहोचविते आणि तंतूंचे रक्षण करते. हे रक्षण महत्त्वाचे असते, कारण काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रांत असणारे पाणी तीव्र क्षारकीय असते आणि सामान्य काचतंतूवर त्याची विक्रिया होते. त्यामुळे स्वस्त पॉलिएस्टर रेझिनाऐवजी व्हिनिल एस्टर किंवा इपॉक्सी रेझीन वापरणे इष्ट असते.

इतिहास : काचतंतूंचे औद्योगिक उत्पादन अमेरिकेत १९३०–४० या दशकात सुरू झाले. प्रबलित काँक्रीटमध्ये त्यांचा उपयोग करण्याचे प्रयत्न मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढीस लागले. त्यामागील मुख्य कारण पोलाद गंजणे हे होय. पोलादावर गंज चढला म्हणजे त्याचे घनफळ वाढते, भोवतालचे काँक्रीट फुटते आणि उघड्या पडलेल्या पोलादाचा ऱ्हास आणखी वेगाने होतो [⟶ काँक्रीट, गंजणे]. पश्चिम किनाऱ्यावर याची ठळक उदाहरणे आहेत. गोव्यातील मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. पूर्वप्रतिबलित काँक्रीटमधील पोलादी तारा गंजणे हे त्याचे प्रमुख कारण मानण्यात येते. मुंबईनजीक ठाणे खाडीवर १९७३ मध्ये खुल्या झालेल्या पुलातही अशा तारा गंजल्याचे पुढे आढळून आले.

जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फ येथे १९८६ मध्ये काचतंतूंच्या पूर्वप्रतिबलन तारा वापरून रस्त्यावरील पूल बांधण्यात आला. चुंबकीय अनुस्पंदनाने शरीराच्या प्रतिमा घेणाऱ्या यंत्रांच्या खोल्यांत पोलाद अडथळा आणते, म्हणून तेथे अचुंबकीय काचतंतु-गजांना मागणी आली. भुयारी रेल्वेच्या स्थानकाच्या भिंतीत, ज्या भागातून खोदयंत्र आरपार जावयाचे असते तेवढ्या भागात हे गज घालतात. कारण यंत्राची पाती ते सहज कापू शकतात. कॅनडा व अमेरिका या देशांत, हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकण्याची पद्धत असल्याने, पुलांच्या पृष्ठभागी लाद्यांत त्यांचा उपयोग वाढला.

अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूट या संस्थेने २००१ मध्ये या गजांच्या अभिकल्पासाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि २०२२ मध्ये स्वतंत्र संहिता तयार झाली. गजांच्या गुणवत्तेविषयीचे अमेरिकन मानक (डी ७९५७) २०१७ मध्ये, तर भारतीय मानक (आय. एस. १८२५६) २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

पोलादाशी तुलना : पोलादी सळईची घनता ७·८५ ग्रॅ./घ. सेंमी., तर काचतंतु-गजाची सु. २ ग्रॅ./घ. सेंमी. असते. पोलादाचा स्थितिस्थापक गुणांक २,००,००० न्यूटन/चौ. मिमी. असतो, काचतंतु-गजाचा सामान्यतः ४५,००० ते ६०,००० न्यूटन/चौ. मिमी. म्हणजे जवळजवळ एक-चतुर्थांश असतो. याचा अर्थ असा की, समान जाडीच्या दोन गजांना समान भार लावला, तर काचतंतु-गज पोलादाच्या सु. चौपट लांबतो.

दुसरा भेद तुटण्याच्या रीतीत आहे. पोलाद एका मर्यादेनंतर नमते. भार फारसा न वाढताही ते लांबत राहते. त्यामुळे तुळई मोडण्यापूर्वी वाकते, तडे रुंदावतात व राहणाऱ्यांना पूर्वसूचना मिळते. काचतंतु-गज शेवटपर्यंत भाराच्या प्रमाणात लांबतो आणि मग एकाएकी तुटतो. तिसरा भेद दिशेचा आहे. पोलादाचे गुणधर्म सर्व दिशांना सारखे असतात, तर काचतंतु-गज केवळ लांबीच्या दिशेने बळकट असतो; आडव्या कर्तनात त्याचे बळ मुख्यतः रेझिनावर अवलंबून राहते.

आकारमानाचे मापन : भारतात पोलादी सळई ८, १०, १२, १६, २०, २५ व ३२ मिमी. अशा व्यासांत मिळते. महाराष्ट्रातील गवंडी व सळई बांधणारे कारागीर मात्र अजूनही पुष्कळदा ‘सूत’ हे माप बोलतात. एक सूत म्हणजे एक-अष्टमांश इंच, म्हणजे ३·१७५ मिमी. त्या हिशेबाने १० मिमी. सळईला तीन सूत, १२ मिमी.ला चार सूत, १६ मिमी.ला पाच सूत व २५ मिमी.ला आठ सूत म्हणतात. अमेरिकन मानकातील गजांचे क्रमांकही इंचाच्या अष्टमांशांतच असतात. त्यामुळे काचतंतु-गजाच्या वेष्टनावर क्रमांक ३ किंवा ४ असा उल्लेख असल्यास तो अनुक्रमे तीन सूत व चार सूत गज समजावा.

काचतंतु-गजाचा व्यास मोजण्यात एक अडचण असते. वाळूचा थर, वेढे किंवा खाचा यांमुळे बाहेरून मोजलेला व्यास आणि भार पेलणाऱ्या गाभ्याचा व्यास यांत फरक पडतो. कॅलिपरने ८ मिमी. भरणाऱ्या गजाचा गाभा ७ मिमी. असला, तर त्याचे क्षेत्रफळ ५० ऐवजी ३८ चौ. मिमी., म्हणजे जवळजवळ चतुर्थांशाने कमी भरते. म्हणून मोजलेल्या लांबीचा तुकडा पाण्यात बुडवून त्याने सारलेल्या पाण्याच्या घनफळावरून क्षेत्रफळ काढण्याची पद्धत मानकांत सांगितली आहे. खरेदीच्या वेळी नाममात्र व्यास, मोजलेले क्षेत्रफळ, स्थितिस्थापक गुणांक आणि हमीचा भंजक भार या चारही गोष्टी उत्पादकाकडून लेखी घेणे आवश्यक असते.

बळ व आकारमान : पोलादाच्या एकाच श्रेणीत बारीक व जाड सळईचे दर चौ. मिमी. बळ सारखेच धरतात. काचतंतु-गजात तसे होत नाही. भार गजाच्या पृष्ठभागावरून आत शिरतो. मधले तंतू बाहेरच्या तंतूंइतके ताणले जात नाहीत. गज जितका जाड, तितके मधल्या तंतूंचे साहाय्य कमी व दर चौ. मिमी. सरासरी बळही कमी. २०१७ च्या अमेरिकन मानकातील किमान मूल्यांवरून हे स्पष्ट होते.

| क्रमांक (सूत) | नाममात्र व्यास (मिमी.) | नाममात्र क्षेत्रफळ (चौ. मिमी.) | किमान हमीचा भंजक भार (किलोन्यूटन) | दर चौ. मिमी. बळ (न्यूटन, सु.) |
|---|---|---|---|---|
| २ | ६·३ | ३२ | २७ | ८४४ |
| ३ | ९·५ | ७१ | ५९ | ८३१ |
| ४ | १२·७ | १२९ | ९६ | ७४४ |
| ५ | १५·९ | १९९ | १३० | ६५३ |
| ६ | १९·१ | २८४ | १८२ | ६४१ |
| ८ | २५·४ | ५१० | २९७ | ५८२ |
| १० | ३२·३ | ८१९ | ४३७ | ५३४ |

दोन सूत गजाच्या मानाने दहा सूत गजाचे दर चौ. मिमी. बळ सु. ३७ टक्क्यांनी घटते. म्हणून लागणारे एकूण क्षेत्रफळ थोड्या जाड गजांत मिळविण्यापेक्षा अधिक संख्येच्या मध्यम गजांत मिळविणे सामान्यतः श्रेयस्कर असते. यामुळे काँक्रीटशी लागून असणारा पृष्ठभाग वाढून बंधही सुधारतो आणि तडे बारीक राहतात. मात्र गजांमधून काँक्रीट व खडी खाली उतरली पाहिजे, २० मिमी. खडी वापरल्यास दोन गजांतील मोकळे अंतर निदान २५ मिमी. असावे लागते.

दृढता : विक्रीपत्रकांत बहुधा ‘१२ मिमी. पोलादाऐवजी ८ मिमी. फायबर सळई’ अशा प्रकारचे समीकरण आढळते. केवळ तुटण्याच्या भाराचा विचार केल्यास ते निराधार नसते. ५०० श्रेणीच्या १२ मिमी. सळईचे क्षेत्रफळ ११३ चौ. मिमी. असून ती सु. ५६ किलोन्यूटन भाराला नमू लागते. ८ मिमी. काचतंतु-गजाचे क्षेत्रफळ ५० चौ. मिमी. असते आणि त्याचे बळ १,००० न्यूटन/चौ. मिमी. धरल्यास तो सु. ५० किलोन्यूटन भाराला तुटतो. दोन्ही आकडे जवळचे आहेत.

आता दोहोंवर नेहमीच्या वापरातील २० किलोन्यूटन भार लावल्याचे कल्पिल्यास चित्र बदलते. १ मी. लांबीची पोलादी सळई सु. ०·९ मिमी. लांबते. काचतंतु-गजाचा स्थितिस्थापक गुणांक ५०,००० न्यूटन/चौ. मिमी. धरल्यास तो सु. ८ मिमी., म्हणजे नऊपट लांबतो. गुणांक चौथा हिस्सा व क्षेत्रफळ निम्म्याहून कमी, या दोन्हींचा हा एकत्रित परिणाम होय. काँक्रीट इतके लांबू शकत नाही. ते तडकते व लादी खाली झुकते. छत कोसळत नाही, पण त्याला पोट येते, फरशीचे सांधे उघडतात, खालच्या गिलाव्यावर रेघा दिसू लागतात आणि गच्चीवर पाणी साचते. पोलादाइतकीच दृढता केवळ गजातून मिळवावयाची तर चौपट क्षेत्रफळ, म्हणजेच दुप्पट व्यास लागेल.

लादीतील प्रत्यक्ष हिशेब याच दिशेचा असतो. १०० मिमी. परिणामी खोलीच्या लादीत ८ मिमी. पोलादी सळया दर १५० मिमी.वर घातल्या असता दर मीटर रुंदीस ३३५ चौ. मिमी. पोलाद पडते. एम २० श्रेणीच्या काँक्रीटमध्ये याच जागी तेवढ्याच क्षेत्रफळाचे काचतंतु-गज घातल्यास तडे गेल्यानंतर लादीची दृढता सु. एक-चतुर्थांश उरते. त्याऐवजी १२ मिमी. काचतंतु-गज दर १०० मिमी.वर, म्हणजे तिपटीहून अधिक क्षेत्रफळाचे (१,१३१ चौ. मिमी.) घातले, तरी दृढता मूळ लादीच्या सु. चार-पंचमांशच भरते. उरलेली तूट लादीची जाडी वाढवून भरून काढणे बहुधा स्वस्त पडते.

तड्यांच्या रुंदीबाबत मात्र थोडी सवलत मिळते. पोलादी सळईच्या काँक्रीटमध्ये तड्याची रुंदी सामान्यतः ०·३ मिमी.पेक्षा अधिक असू नये, असे भारतीय संहिता (आय. एस. ४५६ : २०००) सांगते. काचतंतु-गज गंजत नसल्याने ही मर्यादा सु. ०·५ ते ०·७ मिमी. पर्यंत शिथिल करण्यात येते. पाण्याच्या टाकीत मात्र ही सवलत घेता येत नाही, कारण तेथे तडा म्हणजे गळती होय.

दीर्घकालीन भार : काचेवर सतत मोठा ताण राहिल्यास ती कालांतराने त्या ताणाखालीच तुटते, मग तो ताण प्रारंभीच्या भंजक ताणापेक्षा पुष्कळ कमी का असेना. या घटनेस विसर्पण-भंजन म्हणतात. म्हणून २०२२ च्या अमेरिकन संहितेत हमीच्या बळाला परिस्थितिजन्य ऱ्हासासाठी प्रथम ०·८५ ने गुणून, कायमच्या भारासाठी त्यातील केवळ ३० टक्के बळ हिशेबात घेतात. तीन सूत गजाचा हमीचा भार ५९ किलोन्यूटन. ऱ्हास वजा जाता तो ५० किलोन्यूटन व कायमच्या भारासाठी फक्त १५ किलोन्यूटन राहतो. त्याच जागी ५०० श्रेणीची १० मिमी. पोलादी सळई नेहमीच्या वापरात सु. २३ किलोन्यूटन पेलू शकते. म्हणजे ज्या घटकावर स्वतःचे वजन, भिंती, माती किंवा पाणी यांचा भार सदैव असतो, तेथे केवळ बळाच्या दृष्टीनेही काचतंतु-गज पोलादापेक्षा बारीक घेता येत नाही. भिंतीतून बाहेर काढलेला सज्जा हे याचे बोलके उदाहरण आहे. त्यात वरच्या गजांवर ताण अहोरात्र असतो, आणि तो गज तुटल्यास पूर्वसूचना मिळण्याचा संभव कमी असतो.

काँक्रीट चिरडणे व गज तुटणे या दोहोंपैकी पहिले किंचित सावकाश घडते. म्हणून काचतंतु-गजांच्या तुळईत गज मुद्दाम अधिक घालून काँक्रीट आधी निकामी होईल अशी योजना करणे इष्ट मानतात. पोलादी सळईच्या तुळईत नेमके याच्या उलट करतात. अमेरिकन संहितेत गज तुटून निकामी होणाऱ्या छेदाच्या गणिती बळाचा ५५ टक्के, तर काँक्रीट चिरडून निकामी होणाऱ्या छेदाचा ६५ टक्के इतकाच भाग विश्वसनीय धरतात.

वाकविणे, जोड व मांडणी : एकदा कठीण झालेला गज कामाच्या जागी वाकविता येत नाही, वाकविल्यास तंतू मोडतात. आकडे व रिंगा कारखान्यातच, रेझीन ओले असताना घडवून आणाव्या लागतात. अशा वळणाचे बळ सरळ भागापेक्षा कमी असते. ते सरळ भागाच्या निदान ६० टक्के असावे, अशी अमेरिकन मानकाची अट आहे. म्हणून कोणत्या आकाराच्या किती रिंगा लागतील, याची यादी काम सुरू होण्यापूर्वी तयार असणे आवश्यक असते. दोन गजांचा जोड देताना एकमेकांवरून न्यावयाची लांबी पोलादापेक्षा सामान्यतः अधिक लागते. गज कापण्यासाठी हिऱ्याच्या कणांचे पाते वापरतात. कापताना उडणाऱ्या काचेच्या धुळीपासून डोळे, हात व श्वसनमार्ग यांचे रक्षण करावे लागते. गज हलके असल्याने काँक्रीट कंपित करताना वर तरंगण्याचा संभव असतो, म्हणून ते खाली घट्ट बांधतात. पोलादी सळई व काचतंतु-गज एकाच थरात अंदाजाने मिसळणे अयोग्य होय, कारण अधिक दृढ असलेले पोलाद बहुतेक भार आपल्याकडे ओढून घेते.

जुळे सोलापूर येथील परिस्थिती : गजाची निवड स्थानिक परिस्थितीवर कशी अवलंबून असते, हे सोलापूर शहराच्या दक्षिणेस विजापूर रस्ता व होटगी रस्ता यांच्या परिसरात वाढलेल्या जुळे सोलापूर या वसाहतीच्या उदाहरणाने समजू शकते. येथे स्वतंत्र घरे, दोन-तीन मजली बंगले व सदनिकांच्या इमारती आहेत. सोलापूर समुद्रापासून दूर व कोरड्या हवामानाच्या प्रदेशात असल्याने कोकण किंवा मुंबईप्रमाणे खाऱ्या वाऱ्यामुळे पोलाद गंजण्याचा धोका येथे नाही. म्हणजे काचतंतु-गजाचा जो सर्वांत मोठा गुण, त्याची गरज येथील मजल्यांच्या लाद्यांत व तुळयांत मुळातच कमी आहे. चांगल्या प्रतीचे घट्ट काँक्रीट, पुरेसे आवरण व गच्चीचे पाणी काढून देण्याची सोय असल्यास पोलादी सळई दीर्घकाळ टिकते.

दुसरी गोष्ट भूकंपाची. भारतीय मानकाच्या (आय. एस. १८९३) २०१६ च्या आवृत्तीत सोलापूरचा समावेश तिसऱ्या भूकंप-विभागात केलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी ज्या किल्लारी (जि. लातूर) परिसरात विनाशकारी भूकंप झाला, तो सोलापूरपासून सरळ रेषेत सु. ८५ किमी. अंतरावर आहे. भूकंपात इमारतीच्या चौकटीने न तुटता पुनःपुन्हा वाकून ऊर्जा शोषून घ्यावी, अशी अपेक्षा असते. हे काम नमणारे पोलाद करू शकते, काचतंतु-गज करू शकत नाही. अमेरिकन संहितेने अधिक भूकंपप्रवण वर्गांतील इमारती आपल्या कक्षेबाहेरच ठेवल्या आहेत. यास्तव येथील घरांचे स्तंभ, तुळया व त्यांचे सांधे यांसाठी पोलादी सळई हाच योग्य पर्याय ठरतो. स्तंभात काचतंतु-गजाचा उपयोग आणखी एका कारणाने मर्यादित आहे : दाबाखाली त्याचे साहाय्य अल्प असून अभिकल्पात ते बहुधा काँक्रीटइतकेच धरतात.

तिसरी गोष्ट जमिनीची. सोलापूरच्या परिसरात काळी भारी माती, तिच्याखाली मुरूम व त्याखाली बेसाल्टाचा काळा पाषाण असा क्रम सामान्यतः आढळतो. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत न नेता काळ्या मातीतच ठेवल्यास जोत्याच्या तुळईला कधी वरून तर कधी खालून ताण बसतो. अशा तुळईला दृढता हवी असते. तीत काचतंतु-गज घातल्याने गंज टळेल, परंतु हालचाल वाढून वरच्या भिंतींत तिरपे तडे जातील. मातीचा दोष गजाच्या निवडीने दूर होत नाही. पाया योग्य खोलीपर्यंत नेणे हाच त्यावरील उपाय होय.

काचतंतु-गज सोयीचा ठरेल अशी कामेही या परिसरात आहेत. अंगणातील किंवा वाहने उभी करण्याच्या जागेतील, जमिनीवर सर्वत्र टेकलेली काँक्रीटची लादी हे त्यांतील पहिले होय. अशा लादीतील गजाचे काम मुख्यतः आकसण्याने व तापमानातील फरकाने पडणारे तडे आवरणे एवढेच असते. १२५ मिमी. जाडीच्या लादीत भारतीय संहितेप्रमाणे दर मीटर रुंदीस निदान १५० चौ. मिमी. पोलाद लागते, ८ मिमी. सळया दर ३०० मिमी.वर घातल्यास ते भागते. अमेरिकन मार्गदर्शिकेच्या २०१५ च्या आवृत्तीत काचतंतु-गजासाठी हे प्रमाण काँक्रीटच्या छेदाच्या ०·१४ ते ०·३६ टक्के ठेवले आहे. त्यातील वरची मर्यादा घेतल्यास ४५० चौ. मिमी. क्षेत्रफळ लागते, तीन सूत गज दर १५० मिमी.वर घालून ते (४७३ चौ. मिमी.) मिळते. सळयांची संख्या दुप्पट झाली, तरी गज हलका असल्याने वाहतूक व मांडणी सोपी होते. खालची माती फुगणारी असल्यास मुरमाचा भराव दाबून घेणे मात्र दोन्ही प्रकारांत अनिवार्य असते.

दुसरे काम सोलापूरच्या वस्त्रोद्योगाशी निगडित आहे. चादरी व टॉवेल यांच्या सुताच्या रंगाईत मीठ व इतर रसायने वापरतात. रंगशाळांच्या जमिनी, सांडपाण्याच्या वाहिन्या व टाक्या यांत क्लोराइडांमुळे पोलाद लवकर गंजते; तेथे काचतंतु-गजाचा अधिक खर्च भरून निघण्याची शक्यता असते. मलकुंड, गटारांवरील झाकणे व कुंपणाच्या भिंतीचे पायथे ही कामेही याच प्रकारची होत. टाकीच्या भिंतीत पाण्याचा दाब कायमचा असल्याने तेथील गज मात्र विसर्पण-भंजन व गळती या दोन्ही दृष्टींनी तपासून, पूर्ण हिशेबानेच निवडावा लागतो.

विंधन विहिरींचे पाणी काही ठिकाणी मचूळ असते. प्रबलित काँक्रीटसाठी वापरावयाच्या पाण्यात क्लोराइडाचे प्रमाण दर लिटरमध्ये ५०० मिग्रॅ.पेक्षा अधिक असू नये, असे भारतीय संहितेचे बंधन आहे. काचतंतु-गजावर क्लोराइडाचा परिणाम होत नसला, तरी ज्या बांधकामात कोठेही पोलाद आहे तेथे हे बंधन पाळावेच लागते.

सोलापूरचा उन्हाळा कडक असून तापमान ४०° से.च्या वर जाते. गजातील रेझीन ज्या तापमानाला मऊ होऊ लागते, ते अमेरिकन मानकानुसार निदान १००° से. असावे लागते, त्यामुळे काँक्रीटमध्ये गाडलेल्या गजाला उन्हाची बाधा होत नाही. उघड्यावर महिनोन्‌महिने पडलेल्या गजाच्या पृष्ठभागाचा मात्र सूर्याच्या जंबुपार किरणांनी ऱ्हास होतो. म्हणून साठा ताडपत्रीखाली, जमिनीपासून उंच ठेवतात. आगीत रेझीन पोलादाच्या मानाने फार लवकर मऊ पडते व बंध सुटतो; राहत्या इमारतींच्या लाद्यांत हे गज न वापरण्यामागे हेही एक महत्त्वाचे कारण आहे.

निवडीचा क्रम : प्रथम घटकाचे स्वरूप पाहतात. तो भूकंपाचे बल पेलणाऱ्या चौकटीचा भाग आहे काय, त्याला आगीचा धोका आहे काय आणि तेथे पोलाद खरोखरच गंजणार आहे काय, या प्रश्नांची उत्तरे गज योग्य की अयोग्य हे ठरवितात. गज योग्य असल्यास बळाच्या हिशेबाने क्षेत्रफळ काढतात. नंतर झोल, तड्यांची रुंदी व कायमचा भार यांसाठी ते तपासून वाढवितात. बहुतेक वेळा झोल किंवा तडे यांची कसोटीच निर्णायक ठरते. शेवटी ते क्षेत्रफळ मध्यम व्यासाच्या गजांत, खडी उतरेल इतक्या अंतरावर विभागतात. या क्रमात पोलादी सळईचा व्यास ‘बदलून’ घेण्यास स्थान नाही. आराखडा मुळापासून काचतंतु-गजासाठीच तयार करावा लागतो व त्यावर पात्र संरचना अभियंत्याची मान्यता असावी लागते.

खर्चाची तुलना करताना पोलाद वजनावर व काचतंतु-गज सामान्यतः लांबीवर विकला जातो, हे ध्यानात घ्यावे लागते. पोलादी सळईचे दर मीटर वजन व्यासाच्या (मिमी.) वर्गाला १६२ ने भागून मिळते, १२ मिमी. सळई दर मीटर ०·८९ किग्रॅ. भरते, तर त्याच जाडीचा काचतंतु-गज सु. ०·२३ किग्रॅ. भरतो. म्हणून दर किलोग्रॅमच्या भावाची तुलना निरर्थक ठरते आणि समान व्यासाच्या दर मीटरच्या भावाची तुलनाही अपुरी असते. समान झोल व समान सुरक्षितता देणाऱ्या दोन पूर्ण आराखड्यांच्या खर्चाची तुलना हीच योग्य होय. अशी तुलना केली असता खारट, ओलसर व रसायनयुक्त जागी काचतंतु-गज पुष्कळदा उजवा ठरतो. कोरड्या हवेतील घराच्या चौकटीत पोलादाचे स्थान कायम राहते.